बाबांचा डावा पाय

माझ्या बाबांचा आजार सगळ्यात आधी मी पाहिला.
आणि पाहून टाळ्या वाजवल्या.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं. हे आतापर्यंत फक्त आईला सांगितलंय.

मी ग्वाल्हेरच्या एका लॅबमध्ये मेटामटेरियलवर काम करते. म्हणजे रबरासारखी वाकणारी चादर, आत तांब्याची बारीक नक्षी. ती रडारला चकवते. शिवाय आजूबाजूइतकीच गरम-गार होते, म्हणजे पांघरलेला माणूस थर्मल कॅमेऱ्यातही दिसू नये.

होळीच्या सुट्टीत चाचणीला माणूस मिळेना. बाबा हौसेने आले.

तेव्हा टोपी बाजारातून चालताना ते दर चार दुकानांनी थांबायचे. पोटरी दुखायची. म्हणायचे, "टोप्या बघून घेतो जरा." मी त्यांच्या टकलावरून चिडवायचे.

लॅबमध्ये भिंतीला टेकून, पाय पसरून बसले. मी डोक्यावरून चादर घातली. थर्मल कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर नुसती भिंत.

"दिखतोय का मी?"

"नाही बाबा! बिलकुल नाही!"

"मग आईला फोन कर, हरवले म्हणून. थोडी देर शोधू दे."

डावा पाय चादरीबाहेर होता. उघडा.
तोही स्क्रीनवर दिसत नव्हता.

उघडा पाय अंगाच्या उबेने कॅमेऱ्यात उजळ दिसायलाच हवा, हे नव्या पोरांना मीच शिकवते. पण आनंदाच्या भरात मला वाटलं, चादरीचा परिणाम काठाबाहेरही पोचतोय. तसंच वहीत लिहिलं. वर लॅबच्या सरांना फोनही केला.

पायाला हात लावून बघितला नाही.

दोन महिन्यांनी हार्ट अटॅक. डॉक्टरांनी पाय दाबून विचारलं, "ये पैर कब से ठंडा है?"

पायातल्या रक्ताच्या नळ्या बंद होत आल्या होत्या. हृदयाच्याही.

मला दिवस माहीत होता, वेळही, खोलीचं तापमानसुद्धा.

नंतर ती चाचणी पुन्हा केली. चादरीचा काठाबाहेर काडीइतकाही परिणाम होत नाही.

आई म्हणते, "अगं, तू डॉक्टर थोडीच आहेस!"
खरंय. पण मुलगी तर होते ना.

आईवडिलांना नमस्कार करताना हात नुसते हवेत फिरवू नका. पाय धरा. गार लागला तर विचारा.

मी बाबांचे पाय धरले ते त्यांना खाली जमिनीवर ठेवल्यावर.
तोवर दोन्ही सारखेच गार झाले होते.

चुकले मी, बाबा. तुमच्या पायांवर डोकं ठेवते.