दुसऱ्या नंबरचा लेलंड

लेलंड ब्रँडस्मा कधी जिंकत नसे. तसा हरतही नसे म्हणा. आयोवातल्या आमच्या हार्लो क्रीकच्या मातीच्या ट्रॅकवर दर शनिवारी जुन्या चार सिलिंडरच्या गाड्या धुरळा उडवायच्या, आणि लेलंड दुसरा यायचा. फार तर तिसरा. शेवटच्या वळणापर्यंत सगळ्यांच्या पुढे, आणि तिथून कुणीतरी शेजारून सटकन निघून जायचं. ‘ऐन वेळी कच खातो बिचारा,’ असं म्हणून लोक आपापल्या सँडविचकडे वळायचे.

गाडीला नावं ठेवायची मात्र कुणाची टाप नव्हती. शाळेच्या बस दुरुस्त करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला यंत्राला हात कसा लावायचा हे कोण शिकवणार? इंजिन एका उलटलेल्या पिकअपमधून काढलेलं, जवळजवळ त्याच्या लग्नाएवढं जुनं. टर्बो नियमात बसत नव्हता आणि खिशातही. मग उरलं काय? कानस, पॉलिश पेपर आणि चिकाटी. अख्खा हिवाळा तो गॅरेजात बसून इंजिनात हवा शिरायच्या वाटा घासायचा, ओतकामात राहिलेले खडबडीत उंचवटे काढून टाकायचा. "जोर काय आपण देतो होय त्याला?" तो म्हणायचा. "त्याचा श्वास कुठे अडतोय तेवढं बघायचं." व्हॉल्व्ह हाताने घासून बसवले. दाब वाढावा म्हणून इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, थोडं तासून घेतलं. भंगारातल्या नळ्या वाकवून, चारी सारख्या लांबीच्या करून धूर बाहेर काढायची सोय केली. आत थंड हवा जावी म्हणून बायकोच्या कपडे वाळवायच्या मशीनची नळी पळवली. ट्रूडीने, म्हणजे बायकोने, आठवडाभर ओले टॉवेल त्याच्या खुर्चीवर टाकले, पण नळी काही परत मागितली नाही. अशी इथून दोन अश्वशक्ती, तिथून तीन, करत करत ते म्हातारं इंजिन गावातल्या तरण्या इंजिनांना भारी पडायला लागलं.

आता या जुन्या गाड्यांच्या गटाचा एक नियम आहे, आणि तो कळल्याशिवाय लेलंड कळायचा नाही. कुणा पैसेवाल्याने महागडं इंजिन बसवून बाकीच्यांना चिरडू नये, म्हणून पहिल्या आलेल्या गाडीचं इंजिन त्या शर्यतीतला कुणीही साडेपाचशे डॉलरना मागू शकतो. जिंकणाऱ्याने सगळ्यांसमोर बॉनेट उघडून दहा मिनिटं उभं राहायचं. मागणी आली की इंजिन तिथल्या तिथे उतरवून द्यायचं. नाही म्हटलं तर जिंकणं रद्द, आणि हंगामभराचे गुणही गेले. दुसऱ्या आलेल्याच्या इंजिनाकडे मात्र कुणी ढुंकूनही बघायचं नाही.

आलं ना लक्षात? शेवटच्या वळणावर लेलंड ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. अगदी किंचित, कुणाला कळणार नाही इतका. वर्षानुवर्षं.

त्याला खात्री होती की रॉस टीलमन टपून बसलाय. रॉस डुकरं पाळायचा, याच गटात गाडी पळवायचा, आणि दर शनिवारी शर्यतीआधी येऊन लेलंडच्या बॉनेटमध्ये डोकं घालायचा. एवढं निरखून माणूस कशाला बघतो, चोरायचं नसेल तर?

हंगामातल्या शेवटच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी ट्रूडीने त्याच्यापुढे मक्याची कणसं ठेवली आणि समोर बसली.

"उद्याची तुझी शेवटची ना?"

"हो. डोळ्यांनी दगा दिलाय. पुढे कोण आहे ते आता काय वासावरनं ओळखू?"

"मग उद्या पाय उचलू नकोस."

लेलंडचा घास तोंडातच राहिला. "कसला पाय?"

"हे बघ, मला खुळी समजू नकोस. शेवटच्या वळणावर तुझ्या इंजिनाचा आवाज पडतो. दर वेळी. मला ऐकू येतं. चर्चमध्ये बायका विचारतात, तुझा नवरा कसा ग कधीच जिंकत नाही? मी सांगते, नशीब त्याचं! देवाच्या दारात उभी राहून खोटं बोलते मी, तुझ्यापायी."

"अग, तो रॉस नेईल ना ते!"

"नेऊ दे की. घरात काय लोणचं घालायचंय त्याचं?"

लेलंड ताटावरून उठला. गॅरेजात जाऊन उगाच हत्यारं पुसत बसला. तिचं म्हणणं खोटं असतं तर त्याला इतका राग आला नसता.

शनिवारी शेवटच्या वळणावर रॉस बाहेरच्या बाजूने चढत आला. लेलंडचा पाय सवयीने आपोआप वर यायला लागला. त्याने दात-ओठ खाऊन तो खाली दाबला. म्हाताऱ्या इंजिनाने असा काही सूर लावला की स्टँडमधली माणसं उठून उभी राहिली, आणि लेलंड ब्रँडस्मा पहिला आला.

मग बॉनेट उघडलं. पंच घड्याळ धरून बाजूला उभा राहिला. लेलंडचा जीव टांगणीला लागला. त्याला वाटत होतं, आता हे गेलं, आपल्या हातांनी घासलेलं सगळं गेलं. तेवढ्यात हेल्मेट काखेत मारून रॉस आलाच. वाकला, नेहमीसारखा निरखून बघत राहिला.

"माग बाबा एकदाचं," लेलंड म्हणाला. "जीव खाऊ नकोस."

"काय मागू?"

"इंजिन! आणखी काय?"

रॉस आधी हसला. मग लेलंडचा चेहरा बघून हसायचा थांबला. "वेडा का खुळा तू? तुझं इंजिन कोण मागेल? माझ्या पोराच्या गाडीचा गिअरबॉक्स तू भर पावसात चिखलात लोळून बसवून दिलास, तेव्हाच ठरलंय आमचं. या गटातला कुणीही तुझ्या इंजिनाला हात लावणार नाही. मी तर दर शनिवारी शिकायला येतो रे. विचारायची लाज वाटते, म्हणून नुसतं बघतो."

"कधी ठरलं हे?"

"झाली की दहा-बारा वर्षं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"त्यात सांगायचं काय? तू जिंकलास की आपोआप कळलं असतं. तू जिंकतच नव्हतास, लेका!"

पंचाने हात वर केला. वेळ संपली. टाळ्या वाजल्या. लेलंड बॉनेटची कड धरून तसाच उभा राहिला. ट्रूडी धापा टाकत पायऱ्या उतरून आली.

"नेलं का रे कुणी?"

"नाही."

"मग रडतोस कशाला?"

"या सगळ्यांना मी चोर समजत होतो ग, ट्रूडी," तो म्हणाला. "इतकी वर्षं."