मडमेचे मंगळवार

माणसांची इतकी हौस असलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. वखारवाल्या साहेबांची ही बहीण. अमेरिकेत लढाई पेटली आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडातला कापूस सोन्यासारखा वाटू लागला, त्या वर्षी साहेब अमरावतीत आले आणि मागोमाग ही आली. गाव तिला नुसतं मडम म्हणे. माझे वडील वखारीत कारकून होते आणि मी मुंबईला मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकलेली होते, एवढ्या भांडवलावर मला तिची मराठीची शिक्षिका आणि दुभाषी नेमण्यात आलं. मी बोलायला अतिशय कमी. गावात ओळख अशी माझीही कुणाशी नव्हती. त्यामुळे तिला मैत्रिणी मिळवून देण्याच्या कामी माझ्याइतकं निरुपयोगी माणूस शोधून सापडलं नसतं.

मराठीचे पहिले धडे तिनं बोटीवरच एका जुन्या व्याकरणातून गिरवले होते. त्यामुळे ती पोथीतल्यासारखं बोले आणि समोर येईल त्याच्याशी बोले. एकदा भर दुपारी रस्त्यात गाडी थांबवून तिनं गाडीवानाला विचारलं, "हे गृहस्थ, आपला बैल सुखी आहे ना?" गाडीवान जरा विचारात पडला आणि म्हणाला, "तो सुखातच हाय बाई. मलेच कोनी इचारत नाही." यावर तिनं त्याची इतकी बारकाईनं विचारपूस केली, की मागच्या गाड्यांची रांग पार वेशीपर्यंत गेली.

तिच्या देशात नव्या गावी गेलेल्या बाईनं घरोघरी आपल्या नावाची छापील चिठ्ठी ठेवायची आणि मग त्या घरच्या बायकांनी तिच्याकडे चहाला यायचं, अशी रीत होती. आल्या आल्या तिनं चांगल्या चांगल्या घरी चिठ्ठ्या वाटल्या. वर मंगळवारी दुपारी मी घरी असते, असंही लिहिलं. साहेबाच्या बंगल्यातून छापील कागद आलेला पाहून घराघरांत चुलीवरचं दूध उतू गेलं. एका घरच्या कर्त्या माणसानं तो देवापुढे ठेवला. दुसरे एक पाटील आपला गुन्हा काय, हे विचारायला थेट कचेरीत गेले. तिथं तो कागद कुणाला वाचता येईना म्हणून फिरत फिरत माझ्या वडिलांकडे आला. त्यांनी घरी येऊन मला विचारलं, "तुझी मडम लोकांना समन्स काढते की काय?"

मंगळवारी ती इस्त्रीचा झगा घालून बसे. चहा तयार, बिस्किटं तयार, खुर्च्या मांडलेल्या. येणारी मी एकटी. दिवस कलायला लागला की ती विचारी, "आज कसला तरी सण असेल, नाही?" मी हो म्हणे. तिचा चेहरा बघून नाही म्हणवत नसे. वर्षभराचे सण मी त्या एका हिवाळ्यात संपवले, काही तर नवीन घडवले.

साहेब वाईट नव्हते, पण हिशोबी होते. थंडी सरेपर्यंत इथं तुझा जीव रमला नाही तर पुढच्या बोटीनं तुला परत पाठवीन, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. परत म्हणजे थोरल्या भावाकडे. "तिथं मी टेबलाच्या टोकाला बसते," ती मला एकदा म्हणाली, "आणि मुलांचे मोजे रफू करते."

थंडी सरत आली तेव्हा एके दुपारी ती अचानक उठली. "कुणी येत नाही, तर मीच जाते." वखारीबाहेर मापासाठी कापसाच्या गाड्या खोळंबलेल्या असत. पैसा इतका झाला होता, की चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी लोक सांगत. मी मात्र सगळ्या लोखंडाच्याच पाहिल्या. एका गाडीच्या सावलीत बायका भाकरी खात होत्या. ही सरळ जाऊन त्यांच्यात मातीत बसली. त्यांच्यात अकोल्याकडची एक धिप्पाड पाटलीण होती.

"हे कोन वं?" तिनं मला विचारलं.

"साहेबांची बहीण."

"लगन कावून नाही केलं? इचार तिले."

मी इंग्रजीत सांगितलं, की त्या तुमच्या घरच्यांची चौकशी करताहेत. पण पाटलिणीचं बोट स्वतःच्या गळ्यातल्या काळ्या पोतीवर होतं आणि मडम बोटं वाचण्यात हुशार होती. ती बराच वेळ हळूहळू बोलली. मी म्हणाले, "योग आला नाही."

पाटलिणीनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "काहो मास्तरीनबाई, ते एवढं बोलली अन् तू एवढुसंच सांगून रायली?"

मग मला सगळं सांगावं लागलं. एक माणूस होता, तो जहाजावर होता, ते जहाज आलं नाही, ती सात वर्षं बंदरावर जात राहिली. इतक्या लोकांत इतकं मोठ्यानं मी आयुष्यात बोलले नव्हते. पाटलिणीनं आपली भाकरी मोडली, अर्ध्या भाकरीवर ठेच्याचा गोळा ठेवला आणि तिच्या हातात दिली. मडमेनं तो गोळा एका घासात खाल्ला. पुढे जे झालं त्यानं सगळा गाडीतळ हसला. पाटलिणीनं तिच्या ओंजळीत वरून पाण्याची धार धरली, तेव्हा ती रडत होती की तिखट लागलं होतं, हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या मंगळवारी पाटलीण पाचसहा बायका घेऊन बंगल्यावर हजर. खुर्च्यांकडे न बघता त्या खाली बसल्या. मडमही झग्याचा तंबू पसरून खाली बसली. चहा पुढे केला तर पाटलीण म्हणाली, "आमाले तुमचं चालत नाही बाई. पन तुमाले आमचं चालते ना?" आणि तिनं भाकरीचं फडकं सोडलं. आपल्याच घरी पाहुण्यांच्या हातचं जेवणारी यजमानीण मी तेव्हा पाहिली. मधेच साहेब दारात आले, क्षणभर उभे राहिले आणि आवाज न करता परत गेले. बोटीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पण अमेरिकेतली ती लढाई संपली. कापसाचे भाव असे पडले, की वखारीला कुलूप लागलं आणि साहेबांनाच जावं लागलं. निघायच्या दिवशी बायकांत वाद झाला. कुवार बाईची ओटी भरतात काय? पाटलिणीनं तो एका वाक्यात मिटवला. "लेक घरून चालली, तिले रिकामी धाडू काय?"

मडमेनं झग्याचा घोळ पुढे धरला आणि त्यांनी तो गव्हानं भरला. तिची बैलांची दमणी अकोल्याच्या रस्त्याला लागली, बायका हात हलवत राहिल्या. तिनं हलवला नाही. दोन्ही हातांनी तिनं घोळ घट्ट धरला होता. हात सोडला असता तर गहू सांडला असता.