खंडेनवमीला पुजलेली डिस्क

इम्तियाज नालबंद चोर नाही. हे वाक्य मला लिहावं लागतंय, याचाच संताप आहे.

इम्तियाज केंदूरचा. बाप चांदभाई बाजारोबाजार फिरून बैलांना नाल ठोकायचा. बैल कमी झाले, धंदा बसला, आणि पोरगा दौंडच्या एका दूध संघात कंत्राटावर कॉम्प्युटर सांभाळायला लागला. संघाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की नोटीस येते, आणि मला त्याहून बरी कामं आहेत. इम्तियाज तोंडाचा फटकळ. "सर्व्हरच्या खोलीत तंबाखू नको," असं संचालकांनाही सुनवायचा.

कोणी किती दूध घातलं, फॅट किती लागली, सगळं त्या जुन्या युनिक्स सर्व्हरवर. प्रोग्राम लिहून देणारी कंपनी कधीच बंद पडलेली. शिरूर तालुक्यात कवठे येमाईला संघाचं नवं केंद्र निघालं, तेव्हा तिथं तसाच सर्व्हर उभा करायचा कसा, यावर सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. इम्तियाज म्हणाला, मी करतो. सर्व्हरमध्ये दोन डिस्का असतात. एकीवर जे लिहिलं जातं तेच त्याच वेळी दुसरीवर. ही जोडी फोडायची. एक इथंच ठेवायची, दुसरी तसल्याच दुसऱ्या मशीनमध्ये घालायची. ते मशीन पहिल्याची हुबेहूब नक्कल होऊन उठतं. मग त्याचं नाव-पत्ता बदलायचा, आणि दोन्हीकडच्या रिकाम्या खणात कोरी डिस्क घालून जोडी परत भरून घ्यायची. मॅनेजर आनंदराव म्हणाले, "कर." तोंडीच.

दिवस ठरला खंडेनवमीचा, कारण त्या दिवशी सकाळचं दूध घेतलं की ऑफिसात पूजेशिवाय काम नसतं. इम्तियाजनं मशीन रीतसर बंद केलं, एक डिस्क काढली, उरलेल्या डिस्कवर मशीन परत चालू केलं. दौंडसाठीची कोरी डिस्क टेबलावर ठेवली. निघताना बजावलं, "मी येईस्तोवर आत कुणी हात घालायचा न्हाई." आणि एसटीनं कवठ्याला गेला.

आता ऐका. दरवर्षी खंडेनवमीला त्या सर्व्हरला कुंकू इम्तियाजच लावायचा. चांदभाई हातोडीला लावायचे, तसं हा मशीनच्या पत्र्याला, बाहेरून. यंदा तो नव्हता. चेअरमनचे चिरंजीव सत्यजीत पुढं झाले. टेबलावर कोरी डिस्क दिसली. साहेबांना वाटलं, अवजार म्हणजे हेच. मग आतलं अवजार तरी बिनपुजेचं कशाला ठेवायचं? चालू मशीनमधली डिस्क ओढून काढली. पाटावर दोन्ही मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या फुलानं पाणी शिंपडलं आणि ओलीच परत खुपसली.

मशीन मेलं.

मग काय करायचं? स्वतःकडं बघायचं? छे. संघाच्या ग्रुपवर साहेबांनी टाकलं: "कंत्राटी कामगार सर्व्हरची डिस्क चोरून पळाला." आनंदराव शेजारीच उभे होते. 'मीच सांगितलं होतं' एवढं म्हणायला किती जीभ लागते? तेवढीही हलली नाही.

ग्रुपवरचं केंदूरला पोचायला वेळ लागत नाही. आई सुलतानबीनं फोन केला, "बेटा, तू काय उचलून न्हेलंस? लोक दारात येऊन विचारत्यात."

ऑफिसातल्या शिपायानं पूजेचं सगळं इम्तियाजला फोनवर सांगितलं, आणि त्यानं मला, केंदूरच्या शेजाऱ्याला, बोलावलं. मी कवठ्याला पोचलो तर त्याच्या अर्ध्या जोडीवर तिथला सर्व्हर खणखणीत चालू. संघाचा सगळा हिशोब आता जगात फक्त त्या एका डिस्कवर जिवंत होता. मी म्हटलं, "देऊ नको. माफी मागू दे आधी."

"दूध घालणाऱ्यांनी काय केलंय, आप्पा?" तो म्हणाला. "त्यांचंच हाय त्यात."

कवठ्यासाठी आणलेली कोरी डिस्क घालून त्यानं जोडी भरून घेतली, आणि आनंदरावांना फोन लावला. "जोडी तयार हाय. पण त्यातली डिस्क मी उचलली की चोरी व्हते. ज्यानं ग्रुपवर टाकलं त्यानं येऊन न्यावी."

दसऱ्याला सत्यजीत आला. आनंदराव बरोबर. हातात आपट्याची पानं. "सोनं घ्या, इम्तियाजभाई. सोडून द्या आता." काल चोर, आज भाई.

इम्तियाजनं पानं घेतली, खिशात ठेवली. मशीन बंद केलं. "दादा, सोनं घेतलं. आता ती डिस्क काढा. तुमच्या हातानं."

सत्यजीतनं आनंदरावांकडं बघितलं. आनंदरावांनी भिंतीकडं.

"काढा की. काल चालू मशीनमधनं काढली, आज तर बंद हाय."

काढली. गाडीच्या डिकीकडं निघाला, तर इम्तियाज म्हणाला, "तिथं हादरे बसत्यात. मांडीवर घ्या." कवठ्यापासून दौंडपर्यंत चेअरमनचा पोरगा दोन्ही हातांनी डिस्क धरून बसला आणि इम्तियाज शेजारी, हात रिकामे. मी मागच्या सीटवर होतो. खोटं वाटत असेल तर या विचारायला.

दौंडला इम्तियाजनं मशीन उठवलं. संध्याकाळचं दूध त्यावरच चढलं. आनंदरावांनी ग्रुपवर एक ओळ टाकली: "सर्व्हर चालू झाला आहे." बस. चोरीचा मेसेज सत्यजीतनं गुपचूप पुसला. माफी नाही, खुलासा नाही.

ग्रुपवरचं पुसलं. केंदूरच्या पारावरचं कोण पुसणार? सुलतानबी अजून गिरणीत जाताना मान वर करत नाहीत. म्हणून पहिलं वाक्य परत लिहितो, आणि हा कागद केंदूरच्या पारावर मी स्वतः चिकटवणार आहे: इम्तियाज नालबंद चोर नाही.