वाऱ्याकडची दोरी

धक्क्यावर तिला सगळे तोफ म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. खाडीपलीकडे सामान पोचवायचा तिचा धंदा. तिनं आवाज दिला की चार होड्यांपलीकडचा माणूसही आपलं काही चुकलं का म्हणून दचकून बघे. पण विहीणबाई समोर आल्या की या तोफेतून नुसती साखर बाहेर पडायची. मुलीच्या सासूला दुखवायचं नाही, असं तिनं लग्नाच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

नात झाल्याचा फोन आला तेव्हा फेरीबोट नेमकी दुरुस्तीला गेलेली, आणि बाळ खाडीपलीकडच्या दवाखान्यात. तोफेच्या बोटीवरचं दुसरं शीड तिचा नवरा सांभाळायचा, तर त्याचा गुडघा सुजलेला.

"मी येते की," विहीणबाई म्हणाल्या. धक्क्याजवळच त्यांची लॉन्ड्री होती. "ओल्या चादरी पिळून हात लोखंडाचे झालेत माझे."

"वारा जोराचा आहे," नवऱ्यानं बजावलं. "वळताना दोनदा अडकलात, तर गुपचूप परत यायचं. नात उद्या बघा."

उद्या हा शब्दच दोघींना सोसवेना.

तोफेची बोट म्हणजे फळ्यांनी जोडलेल्या दोन सडपातळ होड्या. प्रत्येकीवर आपली डोलकाठी, आपलं शीड. जोराच्या वाऱ्यात ती वळवायची युक्ती एकच: वाऱ्याकडच्या शिडाची दोरी आधी सोडायची, दुसरं शीड ताणलेलं ठेवायचं. मग पलीकडची होडी जोर करून पुढे येते आणि बोट वळते. वाऱ्याकडची दोरी विहीणबाईंच्या हातात होती. वळायची वेळ आली तसं तोफेनं सुकाणू फिरवलं.

"विहीणबाई, जमलं तर जराशी दोरी…"

"काय म्हणालात?"

"नाही, म्हटलं, तुम्हाला त्रास नसेल तर…"

तोवर बोट वाऱ्याला नाक लावून ठप्प. शिडं फडफडली, बोट मागे सरकू लागली. तोफेनं सुकाणू उलटं धरून तिला कशीबशी पहिल्या वाटेवर आणलं. विहीणबाई दोरी घट्ट धरूनच होत्या. वाऱ्यात चादर सोडायची नसते, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बोटीनं पुन्हा वेग घेतला. आता चुकलं तर नात उद्या. तोफेनं सुकाणू वळवलं आणि तिचा धीर सुटला.

"सोडा ती दोरी! हातात काय मिरवायला दिलीय?"

विहीणबाईंचे हात आपोआप उघडले. त्यांचं शीड सैल पडलं, पलीकडची होडी मुसंडी मारून पुढे आली, नाक वाऱ्यातून पार झालं.

"आता ओढा! जोरात! जेवला नाहीत का?"

विहीणबाईंनी ओढली. पाण्याचा सपकारा बसला आणि बोट सुसाट निघाली.

मग तोफेला भान आलं. "विहीणबाई, ते तोंडातून…"

"अहो, दुकानात दिवसभर मीच सगळ्यांवर ओरडते," विहीणबाई चिंब भिजून हसत होत्या. "माझ्यावर ओरडणारं कुणी भेटलंच नव्हतं. मजा आली!"

तोफही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. एवढे दिवस आपण कशाला जीव मुठीत धरून बोललो, असं तिला झालं.

पोचल्यावर कोरडे कपडे चढवून दोघी मुलीच्या खोलीत शिरल्या. तोफेनं आधी नात उचलली. तिला घेऊन खिडकीपर्यंत एक फेरी मारली, मग दुसरी, मग तिसरी. तेवढ्यात मागून धक्क्यावर शोभेल असा आवाज आला.

"सोडा आता!"

तोफेनं मुकाट्यानं नात विहीणबाईंच्या हातांत दिली. एवढ्या आवाजातही पोरगी गाढ झोपलेली होती. नात दोघींची, तिला आवाजाचं काय!