गोड न लागलेले मोदक

दिवेआगरला मी गेले ती एका अटीवर. उरणला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरत नव्हती. साखर गोळ्यांना दाद देत नव्हती. डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं होतं, आणि उभा जन्म न्हावा शेव्याचे कंटेनर ओढलेला हा माणूस एवढ्याशा सुईला घाबरत होता. दिवेआगरला एक आजी मधुनाशिनीचा पाला देते, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. मी म्हटलं, नेते. पण परत आल्यावर सुई घ्यायची. त्याने मान डोलावली. आपण किती हुशार, असं मला वाटलं.

पहाटे निघालो. पेण, माणगाव, म्हसळा. महामार्गावर ट्रकांमागे अडकायला होतं, त्यामुळे हाताशी वेळ ठेवा. नाश्ता माणगावातच उरका, पुढे फारसं काही मिळत नाही. दादा सगळा वेळ माझ्या क्लचला नावं ठेवत होता.

आजींची वाडी समुद्राच्या अलीकडेच. वादळानंतर लावलेल्या पोफळी आता कुठे सावली देऊ लागल्यात. कुंपणावरच्या वेलीचं एक पान आजींनी दादाला चावायला दिलं, थोडं थांबल्या आणि तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. दादाने ती तोंडात टाकली. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"वाळू लागते," तो म्हणाला. "मेली साखर!"

"जिभेवरची मेली," आजी म्हणाल्या. "रगतातली मला दिसत न्हाय. डाक्टरनं सुई सांगितली आसंल तर ती घ्या."

दादाने हे ऐकलंच नाही. तो वेलीची फांदी मागत होता, अंगणात लावायला.

दुपारी मुक्कामाच्या घरी जेवलो. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात, ते मी सांगून ठेवले होते, स्वतःसाठी. दादाने आणखी एक पान चावलं आणि पाच मोदक खाल्ले. जिभेला लागत नाही ते रक्तात कसं जाईल, असं त्याचं म्हणणं. मी हसले. त्या हसण्याची आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी परतताना मी अटीची आठवण दिली. दादा म्हणाला, पाल्याने काम झालं, आता सुई कशाला? पेणपर्यंत मी भांडले, मग नाद सोडला. गोळ्याही त्याने सोडल्यात, हे मला फार उशिरा कळलं.

आधी अंगठा गेला. मग घोट्याच्या वरपर्यंत पाय. आता तो मुकाट्याने सुई घेतो.

त्या सहलीचे मी टाकलेले फोटो बघून पुष्कळजण आजींचा पत्ता विचारतात. मी देत नाही. त्या खरं तेच बोलल्या होत्या; गाडी मी चालवत होते.

दादाच्या अंगणातली वेल मात्र जोमात आहे. गेल्या रविवारी मी तिचं एक पान चावलं आणि साखर तोंडात टाकली. खरंच वाळू. दादा कुबडीवर रेलून बघत होता.

"बघ," तो म्हणाला, "खोटं नव्हतं."

मी हो म्हटलं. वहिनीने चहा दिला, तो गरम पाण्यासारखा लागला. तासाभराने दुसरा दिला, तो गोड होता.