आण्णांच्या खिशातलं कार्ड

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे मी असं काही लिहावं का, ही शंका आहे. आगाऊपणा वाटला तर माफ करा.

आज सकाळी टेकडीच्या चढावर सायकल थांबवून पाणी पिणाऱ्या एक बाई दिसल्या. एकट्याच होत्या. मनगटावरच्या पट्टीवर नाव, रक्तगट आणि घरचा फोन नंबर होता. एकटं निघालेलं माणूस घरच्यांना असं हाताला धरून निघतं, असं काहीतरी मनात आलं.

माझे वडील, आण्णा, सायकलवरून गावोगाव कुकर-स्टोव्ह दुरुस्त करत एकटेच फिरतात. कुठं काही झालं तर आम्हाला कळणार कसं, याची मला कायम धास्ती. म्हणून गेल्या वर्षी मी त्यांना असंच एक कार्ड करून दिलं, त्यावर माझा नंबर घातला.

ते हसले. "अरे, या रस्त्यावर मला कुत्रीसुद्धा ओळखतात!"

"कुत्री फोन करतील का, आण्णा?"

तेव्हा कुठं कार्ड खिशात गेलं.

पुढं माझ्या परीक्षेत एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"पेपर सुटला का?" कुणीतरी गृहस्थ विचारत होते.

"सुटला. आपण कोण?"

"मग सांगतो. तुमचे वडील दुपारी आमच्या गावच्या उतारावर पडले. घाबरू नका, ढोपर फुटलंय फक्त. ओट्यावर बसून चहा घेतायत. फोन तेव्हाच करणार होतो, पण कार्डाच्या मागं त्यांनी लिहून ठेवलंय, पोराचा पेपर असेल तर कळवू नका."