बुजवलेला सांधा

टीपॉयवर चहाचा कप ठेवताना रोज तो फिकट डाग दिसतो आणि मला किळस येते. हौसेने घरीच केलेल्या या टीपॉयचा एक सांधा सैल बसला होता. पुन्हा कापायचा कंटाळा आला, म्हणून सरसात लाकडाचा भुसा कालवून फट बुजवली आणि वर पॉलिश मारलं. पण सरसावर पॉलिश चढत नाही. तिथे वाळलेल्या शेंबडासारखा डाग उरतो. बायकोला दुखावलं तेव्हाही माफी न मागता मी असंच गोड बोलून भागवलं होतं. तो विषय सोडून ती आता बाकी सगळं बोलते.

मघाशी शेजारच्या काकू म्हणाल्या, "किती सफाईदार काम आहे हो तुमचं." मी हसलो आणि वर्तमानपत्र हळूच डागावर सरकवलं.